मेल टाकलाय, बघा बरं

सगळ्या कारखान्याला ‘खात्री केल्याशिवाय कुठलीही लिंक उघडू नका’ हे दोन तास शिकवल्यानंतर चौथ्या दिवशी मी खात्री न करता एक लिंक उघडली आणि तिथं माझा पासवर्ड टाकला. एकदा नाही, तीनदा.

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागाचा प्रमुख आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथंच नोकरी करायची आहे. विभाग म्हणजे मी, एक मोठा सर्व्हर आणि एक एसी. एसी सर्व्हरसाठी मंजूर झालेला, पण एप्रिल-मेमध्ये अर्ध्या कारखान्याला माझ्याकडं काहीतरी तांत्रिक अडचण असते. लोक येतात, अडचण सांगतात, ती सुटली तरी उठत नाहीत. विभागप्रमुख म्हणून मला जो मान आहे तो बराचसा त्या एसीचा आहे, हे मला ठाऊक आहे.

हंगामाच्या आधी कारखान्यानं मला संभाजीनगरला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. चोर आता हजार लोकांना एकच मेल टाकून वाट बघत बसत नाहीत. ते एक माणूस हेरतात, त्याची नस कोणती ते शोधतात आणि शिंप्यानं अंगाचं माप घेऊन सदरा शिवावा तसा मेल शिवतात. माणसाला तो इतका बरोबर बसतो की अंगात घातल्यावरच कळतं, हा आपला नव्हता.

परत आल्यावर मी हे सगळं सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवलं. मागच्या रांगेत आमचे शेतकी अधिकारी बसले होते. निवृत्तीला आलेले, डोक्याला पांढरा रुमाल, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी हात वर केला.

“माझी नस कोणती, ते त्या चोराला कसं कळंल?”

“आपणच सांगतो, आबा. फेसबुकवर लिहितो, फोटो टाकतो.”

“मी न्हाई फेसबुकवर.”

“मग तुम्हाला कुणी फसवणार नाही.”

“मग मी बसू का जाऊ?”

सभागृह हसलं. मीही हसलो, पण मनात लागलं. त्यामुळंच असेल, शेवटी मी जरा जास्तच जोरात आलो आणि विषयाशी ज्याचा फारसा संबंध नव्हता असं एक कलम जाहीर करून टाकलं. यापुढं मेल पाठवल्यावर फोन करायचा नाही.

हे कलम का, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं मेल पाठवण्याची एक रीत आहे. आधी मेल पाठवायचा, मग लगेच फोन लावायचा. फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं.

“मेल टाकलाय, बघा बरं.”

“थांबा, उघडतो... हां, आलाय.”

“काय लिव्हलंय?”

“तुमीच लिव्हलंय की.”

“तरी वाचून दाखवा एकदा.”

मग पलीकडचा माणूस अख्खा मेल मोठ्यानं वाचतो, अलीकडचा ‘बरोबर, बरोबर’ म्हणतो आणि दोघांचं समाधान होतं. फोन आला नाही तर मेल आठ-आठ दिवस तसाच पडून राहतो. ज्याला खरंच काम असेल तो फोन करील, असा साधा हिशोब. अंबाजोगाईला कॉलेजात तीन वर्षं संगणक शिकलेल्या माणसाला ही रीत बघवत नव्हती. मी परिपत्रक काढलं: मेल हा स्वतःच एक अधिकृत दस्तऐवज आहे, मेल आल्याबरोबर उघडावा, फोनची वाट बघू नये आणि फोन करूही नये. खाली सही ठोकली. ते परिपत्रक कारखान्याच्या बाहेरगावच्या पाचही गट ऑफिसांना मेलनं पाठवलं.

अर्थात ते उघडावं म्हणून पाचही ठिकाणी फोन करावा लागला.

त्या दिवसांत माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलेला होता, तोडणीच्या यादीत. आमच्या भागात कुणाचा ऊस कधी तोडायचा, टोळी आधी कुणाच्या फडात जायची, यावरनं सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं. आजवर ही पाळी आबांच्या वहीत असायची. लाल कापडात बांधलेली जाड वही. आबा सरळ माणूस, कुणाची पाळी मागं-पुढं केली असं कधी ऐकलं नाही. पण ते अक्षर त्यांच्याशिवाय कुणालाच लागत नव्हतं. म्हणून आपली पाळी कधी, हे विचारायला लोक पहाटेपासून त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. मी नऊ महिने राबून सगळ्या लागवडीच्या तारखा संगणकात भरल्या आणि त्यांच्या क्रमानं यादी लावली. ती गावोगाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावी, ज्याला येत नाही त्यानं शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी. कुणाच्या दारात बसायचं कारण नाही.

आमचे कार्यकारी संचालक, म्हणजे आम्हा सगळ्यांचे साहेब, त्यांनी परवानगी दिली, पण अट घालून.

“हा एक हंगाम बघू. संगणकात काही गडबड झाली तर वही परत काढायची. मग माझ्याकडं यायचं नाही.”

आबा शेजारीच बसले होते. त्यांनी वहीला बांधलेली गाठ फक्त जरा घट्ट केली.

आता माझ्या नशेकडं, म्हणजे नसेकडं येतो.

दर वर्षी चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला गेटवर मोठा फ्लेक्स लागतो. वर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंच्या ओळी. कोण कितव्या ओळीत आहे, कोणाचा फोटो कोणाच्या शेजारी आहे, हे बघायला लोक गाडी थांबवून उतरतात. मागच्या वर्षी पहिल्यांदाच माझा फोटो घेतला होता, शेवटच्या ओळीत. पण फ्लेक्स बांबूला बांधताना खालची कड दुमडली गेली आणि माझे फक्त केस दिसत राहिले. पंधरा दिवस मी रोज गेटमधनं आत जाताना स्वतःचे केस बघत होतो. न राहवून फेसबुकवर फोटो टाकला आणि वर लिहिलं, ‘निष्ठेनं काम करणाऱ्यांचे फक्त केस दिसतात.’ पुष्कळ लोकांनी हसरे चेहरे टाकले. आणि एका माणसानं, तो कुठं बसला होता देव जाणे, ते नीट वाचलं.

सभागृहातल्या त्या दोन तासांनंतर चौथ्या दिवशी मेल आला. विषय: ‘वाढदिवस फ्लेक्सचा नमुना, आपला फोटो तपासून घ्यावा.’ आत लिहिलं होतं, ‘गेल्या वर्षी आपल्या फोटोबाबत झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. यंदा आपणास दुसऱ्या ओळीत घेतले आहे.’

दुसऱ्या ओळीत. संचालक मंडळाच्या लगेच खाली.

मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. लिंक उघडली. आमच्या मेलसारखंच पान आलं, पासवर्ड मागितला, मी टाकला. पान म्हणालं, चुकला. मला वाटलं खरंच चुकला असेल, म्हणून जुना टाकला. तोही चुकला. मग घरच्या वायफायचा टाकून बघितला. त्यानंतर पान अगदी अदबीनं म्हणालं, फोटो अस्पष्ट आहे, कृपया स्वच्छ फोटो जोडावा. मी तीन फोटो जोडले. एक समोरून, एक जरा तिरका, एक कोट घातलेला.

फ्लेक्सवाल्याला एक फोन केला असता तर तिथंच सगळं कळलं असतं. तो वडवणीच्या स्टँडजवळ असतो, नंबर माझ्याकडं आहे. पण स्वतःच्या फोटोसाठी आपणच फोन करणं बरं दिसत नाही. शिवाय फोन न करण्याचं परिपत्रक माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी कँटीनमध्ये चहा घेत होतो. वडवणीच्या गट ऑफिसातल्या ताईंचा फोन आला. या ताई तिथं एकट्या सगळं ऑफिस चालवतात. बोलणं सरळ, कधी आवाज चढवत नाहीत आणि कधी माघारही घेत नाहीत.

“सर, तुमचा मेल आलाय.”

“मग?”

“तुमी फोन न्हाई केला.”

माझं डोकं सटकलं. “ताई, परिपत्रक वाचलं ना तुम्ही? मेल आला की उघडायचा. फोनची वाट बघायची नाही.”

“वाचलंय की. पण तुमीच ते पाठवून फोन केलता.”

“तो शेवटचा. आता उघडा.”

“न्हाई उघडत. तुमी आधी सांगा त्यात काय हाय.”

“मी कशाला सांगू? तुम्ही उघडून बघा, त्यात असेल ते असेल.” खरं तर कुठला मेल, ते माझ्या लक्षात येत नव्हतं. मी दिवसाला पाच-पंचवीस पाठवतो.

“वर लिव्हलंय, सुधारित तोडणी यादी. अन् खाली लिव्हलंय, कृपया तातडीनं उघडावी. सर, तुमी आमाला आजपतुर कधी कृपया म्हणलात का?”

तोडणी यादी सुधारलेली नव्हती. ती सुधारणारा माणूस मीच, आणि मी चहा पीत होतो. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

“ताई,” मी म्हणालो, “उघडू नका.”

“मग मी एवढा येळ काय म्हणतीय?”

कँटीनपासून माझ्या खोलीपर्यंतचं अंतर मी आयुष्यात पळत गेलो नव्हतो. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या ढिगापाशी दोन कामगारांनी विचारलं, कुठं आग लागली का. खोलीत शिरलो आणि सर्व्हरची वायर ओढून काढली. बाहेरच्या ऑफिसांचा मुख्यालयाशी संबंध तुटला. मेल उघडायला गेलो तर माझाच पासवर्ड मला चालेना. आतल्या पाहुण्यानं तो बदलला होता. असं होऊ नये म्हणून मोबाइलवर दुसरा आकडा मागण्याची सोय मी सगळ्या कारखान्याला सक्तीनं लावून दिली होती. स्वतःची तेवढी राहिली होती. म्हटलं होतं, बघू सवडीनं.

मग ऑफिसांना फोन लावत सुटलो. माझ्या नावानं त्याच मेलची एकेक प्रत पाचही ठिकाणी गेली होती. आत जो कागद जोडलेला होता तो कागद नव्हता, फायलींना कुलूप घालणारा प्रोग्राम होता. कुणी उघडला तर जोडलेल्या सगळ्या संगणकांवरच्या फायली बंद, यादीसकट. दुसऱ्या ऑफिसात उत्तर मिळालं, “फोन आला न्हाई म्हणून तसाच ठेवलाय.” तिसऱ्यात तेच. चौथ्यात कारकून जरा ओशाळला, “माफ करा साहेब, परिपत्रक हाय ठाऊक, पण सवय मोडंना.”

“मोडू नका,” मी म्हणालो.

पाचव्या ऑफिसात एक ज्येष्ठ कारकून आहेत. तीस वर्षांत एकही परिपत्रक मोडलं नाही म्हणून त्यांचा आम्ही एकदा शाल देऊन सत्कार केला होता.

“उघडला की साहेब,” ते म्हणाले. “आल्याबरोबर. परिपत्रकाप्रमाणं.”

साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण मेलचा सगळा कारभार हातात घेता येईल असं दुसरं खातं फक्त त्यांच्या नावावर होतं. आत आबा बसले होते. मी म्हणालो, जरा खाजगी होतं. साहेब म्हणाले, आबांसमोर बोला. मी बोललो. फ्लेक्सपासून सगळं. दुसऱ्या ओळीपाशी आलो तेव्हा आवाज बारीक झाला.

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे परवा आम्हाला दोन तास जो माणूस शिकवत होता...”

“मीच तो.”

“अन् फोटो किती दिले?” आबांनी विचारलं.

“तीन.”

“कोटातला दिला का?”

“दिला.”

आबांनी मान हलवली. एवढं तर ठीक आहे, अशी. त्या तीन फोटोंची गोष्ट दुसऱ्या दिवशी पाचही गट ऑफिसांत पोचली होती.

साहेबांच्या खात्यातून शिरून मी पाहुण्याला बाहेर काढलं, पाचही ठिकाणचे मेल पुसले, नवा पासवर्ड लावला आणि मोबाइलवरचा आकडाही तिथंच, दोघांच्या देखत लावला. आता फक्त एकच गोष्ट कळायची होती. पाचव्या ऑफिसातून शिरलेल्या त्या कुलपानं मी वायर ओढेपर्यंत मुख्यालयात काय काय खाल्लं होतं? नऊ महिन्यांच्या तारखा, भिंतीवर लागलेली यादी आणि तिच्यात दर आठवड्याला होणारे बदल, सगळं तिथंच होतं. जुनी प्रत होती, पण ती महिन्याभरापूर्वीची. महिन्याभराची यादी चुकली तर गावागावांतून ट्रॅक्टर भरून माणसं विचारायला आली असती आणि आम्ही वही काढली असती.

आम्ही तिघं खोलीत गेलो. एसी चालू होता, तरी मला घाम आला होता. ते कुलूप नावांच्या क्रमानं पुढं सरकत गेलं होतं. आमच्या फोल्डरांची नावं इंग्रजीत. पहिल्या दोन-तीन फोल्डरांत किरकोळ जुनं सामान होतं. त्यानंतर सी वरून ‘सर्क्युलर’. ते पूर्ण बंद. माझी एकूण एक परिपत्रकं कुलपात. पुढचा फोल्डर अर्धा गेला होता आणि तिथं वायर निघाली होती. टी वरून ‘तोडणी’ पार खाली, जशीच्या तशी. मी उघडली, वरपासून खालपर्यंत बघितली, बंद केली, पुन्हा उघडली.

“हाय का?” आबांनी विचारलं.

“आहे.”

“सगळी?”

“सगळी.” मी उगाच माउस पुसला.

साहेब आबांकडं वळले. “काय करायचं, आबा? मी बोललो होतो, गडबड झाली तर वही. गडबड तर झाली.”

आबांच्या पिशवीत ती लाल कापडातली वही होती. ते रोज ती घेऊनच येत. मला वाटलं, आता टेबलावर येणार.

“नको,” आबा म्हणाले.

“कावून?” साहेबांच्याही तोंडून आमच्या भाषेतलं निघालं.

“यादी भिंतीला लागल्यापासनं माझ्या ओट्यावर कुणी येत न्हाई. पहाटं उठून चहा गरम पितो. आंघोळ बी निवांत व्हती. तीस वर्षांत पयल्यांदा बायकू म्हणली, तुमी घरात दिसाय लागले.” त्यांनी पिशवी बंद केली. “यादी ऱ्हाऊ द्या. ह्या माणसाचं तेवढं बघा.”

माझं बघितलं गेलं ते असं. साहेबांनी त्याच संध्याकाळी नवं परिपत्रक काढायला लावलं आणि मजकूर मलाच लिहायला लावला. ‘मेल पाठवल्यावर फोन करणे सक्तीचे आहे. फोन आल्याशिवाय, व मेल कशाबद्दल आहे हे पाठवणाऱ्याने तोंडी सांगितल्याशिवाय कोणताही मेल उघडू नये. आधीचे परिपत्रक रद्द.’ ते मी पाचही ऑफिसांना पाठवलं आणि पाणी प्यायला उठलो. दहा मिनिटांत ताईंचा फोन.

“सर, परिपत्रक टाकलंय का तुमी? फोन न्हाई आला म्हणून इचारलं.”

“टाकलंय, ताई. बघा बरं.”

“काय लिव्हलंय?”

मी अख्खं वाचून दाखवलं. त्या मधूनमधून ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होत्या. खोटं कशाला बोलू, दोघांचंही समाधान झालं.

पाचव्या ऑफिसातल्या ज्येष्ठ कारकुनांचा संगणक मात्र गेला. नवा बसवायला मी स्वतः गेलो. त्यांनी तेलगावहून भजी मागवून ठेवली होती आणि नवं परिपत्रक पाठ करून ठेवलं होतं. मी दारातूनच सांगितलं, आलोय. ते म्हणाले, “फोन करा आधी.” मी ओट्यावर उभा राहून फोन केला, त्यांनी आतून उचलला, मग मला घेतलं.

हंगाम सुरू झाला. गव्हाणीत पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला साहेबांनी ठरवलं की वडवणीच्या ताईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ आणि गेटवर फ्लेक्स. साहेब मला म्हणाले, “तुमचाही फोटो घेऊ. दुसऱ्या ओळीत. शेवटी वायर तुम्हीच ओढली.”

दोन दिवसांनी मेल आला. ‘फ्लेक्सचा नमुना, आपला फोटो पाठवावा.’ मी खुर्ची मागं सरकवली आणि मेलला हात लावला नाही. फ्लेक्सवाल्याला फोन केला, उचलला नाही. दुपारी पुन्हा केला, व्यस्त. संध्याकाळी केला, बंद. लग्नाच्या तिथी होत्या, त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. पण नियम तो नियम. फोनवर बोलणं झाल्याशिवाय मी तो मेल उघडला नाही, फोटोही पाठवला नाही.

मोळीच्या दिवशी सकाळी गेटवर फ्लेक्स झळकला. वर चेअरमनसाहेब, मधोमध ताई, डोक्यावरून पदर घेतलेल्या, अगदी जशा असतात तशा. खाली संचालक, मग दुसरी ओळ: आबा, बाकीच्या चार गट ऑफिसांचे कारकून, त्यात ते ज्येष्ठ कारकूनसुद्धा. मी कुठंच नव्हतो. या वेळी केससुद्धा नव्हते.

बैलगाड्या यादीप्रमाणं रांगेत उभ्या होत्या. एका गाडीवानाच्या हातात यादीचा मोबाइलवर काढलेला फोटो होता आणि तो मागच्याला दाखवत होता, बघ, आधी मी, मग तू. मागचा मान डोलवत होता. ते बघून मला इतकं बरं वाटत होतं की फ्लेक्सचं दुःख जवळजवळ विसरलो होतो.

तेवढ्यात ताई आल्या. खांद्यावर नवी शाल, हातात नारळ. माझ्याशेजारी उभ्या राहून त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवर बोट फिरवत बघितला.

“सर, तुमचा फोटो न्हाई.”

“नाही. मेल खरा होता. मी उघडला नाही.”

ताईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “चोराकडं हायेत की तीन.”